ओटीच्या खणांचे मास्क

आमच्या गावात कित्येक वर्षं असं सांगितलं जात होतं, की कोरोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात देवीच्या ओटीचे खण माझ्या पुतण्याच्या बायकोने कुणाला न विचारता कापले आणि त्यांचे मास्क शिवले. हे खोटं आहे. खण तिच्या घरी मी नेऊन दिले, कापायला मी सांगितलं, आणि नंतर भर बैठकीत ‘मी सांगितलं नव्हतं’ हेही मीच सांगितलं. त्यामुळे शिमग्याची पालखी तिच्या अंगणात जायची बंद झाली. मी जन्मभर सरकारी कचेरीत कारकून होतो. दुसऱ्यांचे जबाब लिहून घेण्यात आयुष्य गेलं. आता हा माझा.

पुतण्या मुंबईला नोकरीला असतो. त्याची बायको गावात राहते आणि ब्लाऊज शिवते. तिचं घर पाखाडीच्या वरच्या टोकाला, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या चढून पुरती धाप लागली की तिचं अंगण येतं. तिची कात्री सरळ चालते आणि बोलणंही. नात्याने मी तिचा चुलत सासरा, म्हणून ती मला काका म्हणते आणि समोर बसत नाही, उभ्याउभ्याच ऐकवते.

त्या उन्हाळ्यात संगमेश्वरच्या बाजारात कापडाची दुकानं बंद होती. गावाच्या शिवेवर आंब्याच्या फांद्या आणि शाळेतला एक मोडका बाक टाकून आम्ही रस्ता अडवला होता. मास्कशिवाय कुणाला आत सोडायचं नाही असं ठरलं होतं, आणि अडवणाऱ्यांकडेच मास्क नव्हते. एकाने टॉवेल गुंडाळला होता, एकाने बायकोची ओढणी. देवस्थानचे अध्यक्ष, जे गावचे पहिले मानकरीही आहेत, त्यांनी लग्नातला जुना फेटा तोंडाला बांधला होता. ते गाव राखायला उभे आहेत की लुटायला आलेत, हे लांबून कळत नव्हतं.

मी तेव्हा देवस्थानचा चिटणीस होतो. कापड नाही म्हटल्यावर मला देवळातला पेटारा आठवला. बायका देवीची ओटी भरतात तेव्हाची लुगडी आणि खण त्यात साठतात. हल्ली खण म्हणजे ब्लाऊजपीस. एका घरी हळदीकुंकवाला मिळालेला पीस दुसऱ्या घरी ओटीत जातो, तिथून तिसऱ्या घरी, आणि ज्याचा ब्लाऊज कुणालाच शिवावासा वाटत नाही असा तो अखेर देवीकडे येऊन थांबतो. ती पुढे कुणाला देत नाही म्हणून.

अध्यक्षांना मी पेटाऱ्याचं सुचवलं. ते म्हणाले, “कापड देवीचं हाय. तिला इचारल्याबिगर हात लावायचा नाय.”

आमच्याकडे देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे बघत बसतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. एरवी देवळात माणसं दाटलेली असतात, समया पेटलेल्या असतात, कुणीतरी घंटा बडवत असतं. कळी फार वेळ तग धरत नाही. त्या दिवशी आम्ही तिघेच होतो, तेही नियमाप्रमाणे लांब लांब बसलेले: अध्यक्ष, गुरव आणि मी. गुरवाने नाकातोंडावर उपरणं बांधून गाऱ्हाणं घातलं. “आई, साथ आलीय. तुझ्या ओटीचं लुगडं, तुझ्या ओटीचा खण लेकरांच्या तोंडाला बांधायला मागतोय. देनार असशील तर उजवा दे.” आम्ही दोघांनी आपापल्या कापडाआडून ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं.

कळी पडेना. कुणाच्या श्वासाचीही झुळूक तिच्यापर्यंत पोचत नव्हती. दुपार झाली. अध्यक्षांची जेवणाआधीची गोळी होती, ते उठून घरी गेले. मग बाहेरून हाक आली, की गुरवाची गाय सुटून कुणाच्या तरी आंब्याच्या कलमांत शिरलीय. “काका, नजर ठेवा, आलोच,” म्हणून गुरव पळाला. कौल लागलेला असताना गुरवाने गाभाऱ्यापासून हलायचं नसतं. ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मी एकटा बसलो होतो तेव्हा डावी कळी पडली.

मी उठलो, ती उचलली, गंधाचं बोट लावून परत जागेवर चिकटवली आणि उजवी कळी बोटाने खाली ढकलली. मनाशी म्हटलं, आपला कुठे कौलावर विश्वास आहे. आता वाटतं, ज्याचा विश्वास नसतो तो सरळ उभा राहून म्हणतो, माणसं मरतायत, काढा ते खण आणि कापा. त्याला गंध लागत नाही. माझ्यात तसं म्हणायचं धैर्य नव्हतं, आणि गंध समोरच्या वाटीत होतं.

गुरव धापा टाकत आला. “दिलान?”

“दिला.”

“उजवा?”

“बघ की.”

त्याने बघितलं, हात जोडले आणि गायीला एक शिवी घातली.

त्याच संध्याकाळी मी गाठोडं घेऊन पाखाडी चढलो. तिने ते सोडलं, वरचा पोपटी खण हातात घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

“काका, हे कापायचे? देवीचे?”

“देवीने उजवा दिलाय. आधी खणच घे. लुगडी सगळी नायलॉनची आहेत, श्वास कोंडेल.”

“तुमी बघितलात?”

“माझ्या डोळ्यांनी.”

“मग बरं. तुमी कचेरीतले, बघितलं असाल तर बरोबरच असनार.”

तिने पायाच्या मशीनवर शिवायला घेतलं. पोपटी, राणी, चिंतामणी, ज्या रंगाचा हातात येईल त्या रंगाचा मास्क. इलास्टिक मिळत नव्हतं, म्हणून तिने खणांच्याच काठांच्या नाड्या केल्या. अध्यक्ष शिवेवरून परतताना खालच्या पायरीवर उभे राहून ओरडले, “इलास्टिक कुटलं लावतेस? नायतर कुनाच्या तरी जुन्या चड्डीचं देवीच्या कापडाला लावशील.”

“नाड्या लावल्यात,” ती वरून म्हणाली. “तुमच्या चड्डीपर्यंत हात पोचला नाय माजा.”

मास्क शिवून झाले आणि वाटपाला खरी सुरुवात झाली, म्हणजे भांडणाला. पहिला मास्क देवीपुढे ठेवला. दुसरा पहिल्या मानकऱ्यांचा. तिसरा कुणाचा, यावर दोन घरांचा वाद आजोबांच्या काळापासून आहे. शिमग्यात पालखीला पहिला खांदा कुणी द्यायचा, हा तो वाद. तो आता मास्कमध्ये उतरला. दोन्ही घरं बैठकीत एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन भांडली. मिटेपर्यंत आंब्याच्या शेवटच्या पेट्या भरून झाल्या होत्या. शिवेवर उभ्या असलेल्यांना सगळ्यांत शेवटी मिळाले, कारण शिवेवर उभं राहण्याला मान नाही.

त्यात मी भर घातली. देवीचं कापड म्हटल्यावर नियम हवेत असं सगळ्यांचं मत पडलं आणि नियम म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. निवृत्त झाल्यापासून मला कुणी मसुदा सांगितला नव्हता. मी रात्री जागून लिहिला आणि देवळाच्या दाराला चिकटवला. सदर मास्क मांसाहाराच्या वेळी वापरू नये. शौचास जाताना वापरू नये. सोयर-सुतकात वापरू नये. इतर कपड्यांत धुऊ नये. वापर नसताना देव्हाऱ्यात ठेवावा. शेवटी ‘हुकमावरून’ असंही लिहिलं. कुणाच्या हुकमावरून, ते कुणी विचारलं नाही.

गावाने नियम तंतोतंत पाळले. पहाटे माणसं आंघोळ करून, घरात एकटीच, देव्हाऱ्यासमोर मास्क बांधून बसू लागली. पूजा झाली की मास्क सोडून देवापाशी ठेवायचे आणि उघड्या तोंडाने बाहेर पडायचे. मासेवालीचा टेम्पो आला त्या दिवशीचं तर मला लख्ख आठवतं. ती स्वतः दुकानातला मास्क लावून टेम्पोत बसली होती. गर्दी बघून तिने बांगड्यांवर गोणपाट ओढलं.

“आदी तोंडं झाका. मग बांगडे.”

“मास्क देवीचा हाय,” पुढचा म्हणाला. “म्हावऱ्याला चालत नाय.”

“मग म्हावरं पन तुमाला चालत नाय. चल रे, घे गाडी.”

टेम्पो सुरू झाला तशी सगळ्यांनी बाजाराच्या पिशव्या तोंडापुढे धरल्या. मीही धरली. तिच्यात आदल्या दिवशीच्या सुक्या जवळ्याचा वास होता.

पावसाळ्यात अध्यक्ष आजारी पडले. रत्नागिरीला नेलं, ऑक्सिजन लावला, बरे होऊन परत आले. देवीचा मास्क त्यांनी आजारी पडेपर्यंत देव्हाऱ्यात जपून ठेवला होता, त्यामुळे मास्कला काही झालं नाही. अंगात जरा ताकद आल्यावर त्यांनी देवळात बैठक बोलावली.

“देवीने दिलेला मास्क,” ते म्हणाले, “आनि पयलं मलाच झालं. कुटंतरी चुकलंय. कौल बरोबर व्हता ना?”

सगळ्यांनी गुरवाकडे बघितलं. गुरवाने माझ्याकडे बघितलं. खरं बोलायला ती वेळ होती. माझ्या तोंडातून कचेरीतलं वाक्य आलं. मी म्हटलं, “देवीने लुगड्यांना होकार दिला होता. खणांबद्दल मी कुणाला काही सांगितलेलं नाही.”

गाऱ्हाण्यात लुगडं आणि खण दोन्ही होते, हे अध्यक्षांनी स्वतः ऐकलं होतं. पण त्यांना कुणाचा तरी दोष हवा होता, आणि तो हजर नसलेल्या माणसाचा निघाला की बैठक लवकर उठते. बायका बैठकीला नसतात. गुरवाने तोंड उघडलं असतं तर गाय आणि कलमं निघाली असती, म्हणून तो समईची वात सारखी करत बसला. “म्हंजे तिनं आपल्या मनानं कापले,” अध्यक्ष म्हणाले. मी मान हलवली नाही. नाही असंही म्हटलं नाही.

तिला वाळीत टाकलं असं कुणी म्हणालं नाही. त्याविरुद्ध कायदा आहे आणि तो गावात मलाच सगळ्यांत चांगला ठाऊक होता. पुढच्या शिमग्याला साथीमुळे पालखी कुणाच्याच घरी गेली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ती घरोघरी निघाली, पाखाडीच्या पायथ्यापर्यंत आली आणि वळली. वर अंगण सारवलेलं होतं, रांगोळी होती, ती ओटीचं ताट घेऊन उभी होती. ढोल दुसऱ्या वाडीकडे जाताना ऐकू येत राहिले. दर वर्षी तसंच. ज्या घरी पालखी येत नाही ते घर आमच्याकडे घरात धरत नाहीत. लग्नकार्याला बोलावणं येतं, पण हाक दारातूनच मारतात, आत कुणी येत नाही.

मी बैठकीत काय बोललो ते तिला त्याच दिवशी कळलं होतं. बायकांना बैठकीतलं पुरुष घरी पोचायच्या आधी कळतं. तिने मला एकदाच विचारलं, विहिरीच्या वाटेवर गाठून. “काका, आठवत नाय का सांगवत नाय?”

मी म्हटलं, “सबुरीने घे. योग्य वेळ बघून बोलतो.”

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. पुतण्या मात्र मुंबईहून फोन करायचा. शिमग्याला यायचं त्याने बंद केलं होतं. शेजारच्या अंगणातली पालखी बघायला कशाला येऊ, म्हणायचा. “काका, तुमी वडीलधारे. तुमी मध्ये पडा.” मी ‘बघतो’ म्हणायचो. माझ्याच खोट्यात मध्यस्थी करायची म्हणजे कुणाकडे जायचं, हे मला कळत नव्हतं. आमच्या हिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणायची, तुमच्या शब्दाला गावात केवढा मान आहे, सांगून का बघत नाही.

यंदा शिमग्याच्या थोडं आधी पुतण्याचा फोन आला. “काका, घर बंद करतो. हिला इकडं घेऊन येतो, कायमची. चावी तुमच्याकडं ठेवू ना? तुमच्याशिवाय आमचं तिथं कोन हाय.”

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. हिने विचारलं तेव्हा मी पित्ताचं कारण सांगितलं. तेही खोटंच.

पालखी पाखाडीच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या अंगणात आली. आमच्या गावची रीत अशी, की पालखी एकदा अंगणात टेकली की त्या घरची ओटी भरल्याशिवाय उचलून पुढच्या घरी न्यायची नाही. ही ताट घेऊन पुढे आली. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि पायऱ्या चढायला लागलो.

“अहो, ओटी कुठे नेताय?”

“वर.”

अध्यक्ष आता काठी घेऊन चालतात. काठी उंच करून ते म्हणाले, “काका, पालखी हितं हाय.”

“ओटी वर आहे,” मी म्हटलं. “या.”

खाली बराच वेळ खल चालला. ओटीशिवाय पुढच्या घरी जाता येत नव्हतं, आणि पुढच्या घरी वडे तळून ठेवले होते. अध्यक्ष म्हणाले थांबू, उतरेल म्हातारा. पालखीच्या खांदेकऱ्यांचा मात्र म्हाताऱ्यावर तेवढा विश्वास नव्हता. “चला वर,” त्यांतला एक म्हणाला, “वडे निवतील.” आणि पालखी पाखाडी चढू लागली.

यंदा तिने अंगण सारवलं नव्हतं. पडवीत बांधलेल्या बोचक्यांवर मशीनचं झाकण ठेवलेलं होतं. ढोल जवळ आले तशी ती ओल्या हातांनी बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

“सारवलेलं नाय,” अध्यक्ष वर पोचल्यावर म्हणाले.

“येताय म्हनून सांगितलं असतंत तर सारवलं असतं,” ती म्हणाली. “मधी चिकार वेळ होता.”

मी ताट खाली ठेवलं आणि सांगितलं. खण मी दिले, कापायला मी सांगितलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू येत नव्हता.

“काका,” ती म्हणाली, “मास्क लावल्यासारखं बोलू नका. पाठी बायका उभ्या हायत.”

मी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. तिथे थांबता आलं असतं. तिचं नाव त्यातून सुटलंच होतं. पण बोलायला लागल्यावर थांबवेना. मी डाव्या कळीचंही सांगितलं, आणि गंधाचंही.

ढोलवाला ढोलावर हात ठेवून उभा राहिला. अध्यक्ष काही बोलणार, तेवढ्यात गुरव म्हणाला, “मी नव्हतो तितं. गाय सोडवायला गेलो व्हतो.” मग मागून कुणीतरी म्हणालं, की त्या मास्कातून त्यांच्या घरी दोन उन्हाळे कोकमाचं सरबत गाळलं, चांगलं गाळलं जातं. एकाने तो लावूनच मटणाची सागोती खाल्ली होती, म्हणजे हनुवटीवर ठेवून. एकीने देव्हाऱ्यातून काढून नातीच्या बाहुलीला परकर शिवला होता. माझ्या नियमांची एवढी अंमलबजावणी मला त्या दिवशी कळली. सगळे अध्यक्षांकडे बघू लागले, तसे ते काठीच्या टोकाने माती उकरत म्हणाले, “मी तर बांदलाच नाय कदी. टोचायचा.”

बायका हसल्या. ती हसली नाही. म्हणाली, “टोचनारच. काठ होता ना. पन तोंडाला बांधायला होता तो.”

“कबुल्या खाली जाऊन द्या,” खांदेकरी म्हणाला. “आदी ओटी.”

ती आत गेली. बोचक्याची गाठ सोडल्याचा आवाज आला. कोरा खण, नारळ आणि तांदूळ घेऊन आली, आणि तिच्या अंगणात, तिच्या हाताने ओटी भरली. मग मी आणलेल्या ताटातली आमची ओटी हिने भरली. हिला पाखाडी चढून दम लागला होता, आणि ती माझ्याकडे बघतही नव्हती. आपला खण गुरवाच्या हातात देताना पुतण्याची बायको त्याला म्हणाली, “नीट ठेवा. परत साथ आली तर लागंल.” पालखी तिच्या अंगणात नाचली. पुतण्या फोनवर होता. कुणीतरी फोन उंच धरला होता, आणि त्यातून तो ‘अजून नाचवा, अजून नाचवा’ म्हणत होता.

घर बंद झालं नाही. बोचकी सुटली. माझ्या डाव्या कळीचं काय करायचं, याची बैठक अजून व्हायची आहे. बहुधा कौल लावतील. चिटणीसपद मी सोडलं, ते कुणी मागितलं नव्हतं आणि कुणी थांबवलंही नाही. आमची ही महिनाभर मला फक्त जेवायला हाक मारत होती.

हे लिहून झाल्यावर मी कागद घेऊन पुतण्याच्या बायकोकडे गेलो आणि तिला वाचून दाखवलं. ती मशीनवर होती. पाय तिने थांबवला नाही, त्यामुळे मला मोठ्याने वाचावं लागलं. वाचून झाल्यावर तिने हातातली शिवण संपवली. मग दोरा दाताने तोडला.

“ते जागोजागी मला ‘बिचारी’ म्हटलंय, ते काढा.”

मी म्हटलं, “तुझ्या बाजूनेच लिहिलंय ते.”

“माजी बाजू मला हाय. तुमी तुमची लिवा.” तिने पुढचं कापड घेतलं. “मी बिचारी नव्हते. मी कापड बरोबर कापलं होतं.”

घरी येऊन मी ते शब्द खोडले.